थायरॉईड, कॉर्टिसॉल आणि रिपोर्टमधला ठळक आकडा

गेल्या काही वर्षांत ओपीडीत एक नवीन प्रकारचा रुग्ण येऊ लागला आहे. आपल्याला काय होते आहे, हे तो आधी सांगत नाही. आधी मोबाईल पुढे करतो. त्यात पंधरा-वीस पानांची पीडीएफ असते, तीन-चार आकडे ठळक छापलेले असतात आणि शेजारी वर किंवा खाली जाणारा बाण असतो. ‘सायेब, हे ठळक आलंय. काय भानगड हाये?’ भानगड बहुतेक वेळा काहीच नसते. पण कधी कधी असते, आणि तेव्हा ती त्या ठळक आकड्यात नसून ठळक न छापलेल्या दुसऱ्याच आकड्यात असते.

घरी येऊन रक्त नेणाऱ्या कंपन्या, वाढदिवस आणि जयंतीच्या निमित्ताने भरणारी शिबिरे, ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची सवलतीची पॅकेजेस आता काष्टीसारख्या गावापर्यंत पोहोचली आहेत. या पॅकेजमध्ये थायरॉईड तर असतेच. अलीकडे ‘स्ट्रेस हार्मोन’ म्हणून कॉर्टिसॉलही घालू लागले आहेत. साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन हे आकडे लोकांना आता बऱ्यापैकी वाचता येतात. थायरॉईड आणि अधिवृक्क ग्रंथींच्या तपासण्यांचे तसे नाही. त्या दिसायला सोप्या आणि अर्थ लावायला अवघड आहेत. त्यावरून चुकीची गोळी आयुष्यभर चालू राहते, किंवा हवी असलेली गोळी मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात जीव जाऊ शकतो.

आधी त्या ‘नॉर्मल रेंज’चे काय ते पाहू. प्रयोगशाळा निरोगी माणसांचा मोठा गट घेते, त्यांचे आकडे मांडते आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात त्याला ‘नॉर्मल’ म्हणते. म्हणजे धडधाकट माणसांतही वीसात एक जण या पट्ट्याबाहेर जाणारच, व्याख्येनेच. एकाच वेळी वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर ढोबळ गणिताने पूर्ण निरोगी माणसाचा निदान एक आकडा तरी ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. साठ-सत्तर तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एकही बाण न येणे हीच नवलाची गोष्ट म्हणायची.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात बघतो, वशिंड बघतो, चालवून बघतो, आधी कुणाकडे राबला ते विचारतो आणि मग किमतीचे बोलतो. नुसत्या एका खुणेवर तो व्यवहार करत नाही. स्वतःच्या गळ्यातल्या ग्रंथीचा निर्णय मात्र तोच माणूस एका आकड्यावर करायला तयार असतो.

आता थायरॉईडकडे येऊ. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण हा शब्द ओपीडीत कुणी वापरत नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली ही ग्रंथी थायरॉक्सिन म्हणजे टी-फोर तयार करते. टीएसएच मात्र थायरॉईडमध्ये तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतो. ऊसतोडीची टोळी डोळ्यांसमोर आणा. पियुषिका हा मुकादम, थायरॉईड हा तोडणारा, आणि टीएसएच म्हणजे मुकादमाची हाक. तोडणारा मंदावला की हाक वाढते. तो जास्तच जोरात सुटला की मुकादम गप्प बसतो. म्हणून थायरॉईड कमी पडली की टीएसएच वाढतो आणि अति काम करू लागली की खाली जातो. रुग्णांना हे नेहमी उलटे वाटते. ‘माझा थायरॉईड वाढलाय’ असे सांगणाऱ्या दहांपैकी नऊ जणांचा थायरॉईड कमी असतो, वाढलेला असतो तो टीएसएच.

मुकादमाची हाक संवेदनशील असते. टी-फोर किंचित घसरला तरी टीएसएच बराच चढतो, त्यामुळे आजार लवकर लक्षात येतो. हा फायदा. तोटा असा की हाक इतर कारणांनीही कमी-जास्त होते. टीएसएच रात्री उशिरा सर्वांत जास्त आणि दुपारी कमी असतो. मोठ्या तापातून किंवा शस्त्रक्रियेतून उठल्यावर काही आठवडे तो वाढलेला राहू शकतो. वयाबरोबरही तो थोडा वर सरकतो. म्हणून ५, ६, ७ अशा आकड्यावर, टी-फोर नीट असताना, लगेच गोळी सुरू करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे, सोबत फ्री टी-फोर आणि गरज वाटल्यास अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी करावी. बऱ्याच जणांचा टीएसएच तोवर आपोआप जागेवर आलेला असतो.

थायरॉईड कमी असणे आपल्याकडे दुर्मीळ मुळीच नाही. आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुंबई आणि गोवाही होते. जवळजवळ ११ टक्के लोकांत थायरॉईडची कमतरता आढळली. शिवाय सुमारे ८ टक्के लोक असे होते, की ज्यांचा टी-फोर ठीक पण टीएसएच वर होता. खरा वाद या दुसऱ्या गटाचा आहे. यांना गोळी द्यायची का?

युरोपात ६५ वर्षांपुढच्या ७३७ जणांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. निम्म्यांना थायरॉक्सिन, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. गोळी घेणाऱ्यांचा टीएसएच सुंदर खाली आला. थकवा आणि इतर तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या. त्यानंतर २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने अशा सौम्य वाढीसाठी प्रौढांना थायरॉक्सिन देऊ नये, अशी ठाम शिफारस केली. गरोदर स्त्रिया, मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, टीएसएच २० च्या वर असलेले, तीव्र लक्षणे असलेले आणि तिशीच्या आतले तरुण यांना त्यातून वगळले होते. टीएसएच १० च्या वर टिकून असेल तर बहुतेक डॉक्टर उपचार करतात, मीही करतो. पण सत्तरीच्या आजोबांना ६.२ आकड्यावर आयुष्यभराची गोळी लावणे मला पटत नाही. डोस थोडा जरी जास्त झाला तरी हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका याच वयात सर्वांत मोठा असतो.

गरोदरपणाची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी अजिबात सैल सोडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते, कारण बाळाची स्वतःची ग्रंथी तेव्हा कामाला लागलेली नसते. या काळात टीएसएच साधारण ४ च्या आत हवा. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईला दिवस राहिल्यावर डोस बहुधा वाढवावा लागतो. प्रत्यक्षात उलट घडते. ‘पोटुशी असताना औषध नको’ म्हणून सासू गोळी बंद करवते. ही गोळी म्हणजे शरीरातलेच कमी पडलेले द्रव्य भरून काढणे आहे, हे त्या सासूबाईंना बसवून सांगावे लागते. सुनेला सांगून उपयोग नसतो.

गोळी घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा-एक तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत तपासणी करण्यात अर्थ नसतो. टी-थ्री हा आकडा थायरॉईड कमी असल्याच्या निदानात फारसा कामाचा नाही, त्यावर डोके शिणवू नये. आणि ‘आरोग्यदायी’ म्हणून घरात फक्त सैंधव मीठ वापरणाऱ्यांनी पाकीट उलटून बघावे. त्यात आयोडीन मिसळलेले आहे का? देशात गलगंडाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे, आणि त्याचा सगळा आधार आयोडीनयुक्त मिठावर आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन नावाचे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात असते. रक्त तपासणाऱ्या अनेक यंत्रांच्या पद्धतीतही बायोटिन वापरलेले असते, त्यामुळे रक्तातले जास्तीचे बायोटिन यंत्राची फसगत करते. टीएसएच खोटाच कमी आणि टी-फोर खोटाच जास्त दिसतो. धडधाकट मुलीला थायरॉईड वाढल्याचा शिक्का बसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी या गोळ्या थांबवाव्यात आणि घेत असल्याचे सांगावे. रक्त न्यायला येणारा मुलगा हे विचारत नाही.

इथवर ‘आकडा ठळक पण माणूस ठीक’ याबद्दल बोललो. आता उलट बाजू.

समजा मुकादमच आजारी पडला. तोडणारा मंदावला आहे, पण हाक मारणाराच नाही. अशा वेळी टी-फोर कमी आणि टीएसएच मात्र ‘नॉर्मल’ येतो. फक्त टीएसएच करणाऱ्या पॅकेजमध्ये हा रुग्ण सुटून जातो. आमच्या भागात याची दोन कारणे डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. पहिले, बाळंतपणातला अतिरक्तस्राव. त्यात पियुषिका ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती सुकते. शीहान या डॉक्टरांनी १९३७ मध्ये याचे वर्णन केले. अशा बाईला बाळंतपणानंतर दूध आलेले नसते, पाळी परत सुरू झालेली नसते, काखेतले केस गेलेले असतात, आणि ती दहा-पंधरा वर्षे ‘अशक्तपणा’साठी सलाईन लावून घेत फिरत असते. दुसरे कारण घोणस. घोणशीच्या विषाने रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात हे अनेकांना माहीत असते. पण त्याच विषाने पियुषिका ग्रंथीही जायबंदी होऊ शकते. ते लगेच लक्षात येते किंवा काही वर्षांनी. उसाच्या फडात आणि भिजवणीला रात्री जाणाऱ्या माणसांच्या तालुक्यात थकव्याच्या रुग्णाला ‘कधी साप चावला होता का’ हा प्रश्न विचारायलाच हवा. कोणत्याही पॅकेजमध्ये तो नसतो.

इथेच थायरॉईड आणि अधिवृक्क ग्रंथींची गाठ पडते. अधिवृक्क ग्रंथी मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्या कॉर्टिसॉल तयार करतात. रक्तदाब टिकवणे, साखर खाली येऊ न देणे, आजारपणात शरीराला तग धरायला लावणे ही त्याची कामे. पियुषिका हीच दोन्हींची मुकादम, त्यामुळे ती गेली की दोन्ही बसतात. अशा रुग्णाला नुसते थायरॉक्सिन सुरू केले तर शरीराचा वेग वाढतो, असलेले थोडे कॉर्टिसॉलही लवकर संपते, आणि रुग्ण उलट्या, रक्तदाब कोसळणे, बेशुद्धी या वाटेने जातो. म्हणून नियम पक्का आहे. दोन्ही कमी असण्याची शंका असेल तर आधी कॉर्टिसॉलची भरपाई, मग थायरॉक्सिन. थायरॉईडची गोळी सुरू केल्यावर बरे वाटण्याऐवजी माणूस खंगत चालला, चक्कर आणि उलट्या सुरू झाल्या, तर डोस वाढवण्याआधी थांबून विचार करायला हवा.

कधी दोन्ही ग्रंथींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना अधिवृक्क ग्रंथींचा अ‍ॅडिसनचा आजारही होता आणि थायरॉईडही कमी होता. निवडणुकीत ही बाब झाकून ठेवली गेली, हा वेगळा विषय.

कॉर्टिसॉलचा आकडा वाचायचा तर आधी घड्याळ बघावे लागते. सकाळी उठण्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त, मध्यरात्री जवळजवळ तळाला. सकाळी ८ ला १४ आलेले कॉर्टिसॉल छान. रात्री १२ ला तेवढेच आले तर चिंतेचे. घरी येणारा मुलगा साडेअकराला रक्त घेतो आणि रिपोर्टवर सकाळची रेंज छापलेली असते. साखर कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याचे शरीराचे घड्याळच उलटे असते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीचे एकूण कॉर्टिसॉल खोटेच जास्त दिसते, कारण ते वाहून नेणारे प्रथिन वाढलेले असते. एवढे माहीत नसताना ‘तुमचा स्ट्रेस हार्मोन वाढलाय’ असे सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे. कॉर्टिसॉल खरोखर अति आहे का, हे एका सुट्या आकड्याने ठरत नाही. त्यासाठी रात्रीच्या लाळेची, २४ तासांच्या लघवीची किंवा रात्री डेक्सामेथासोनची एक गोळी देऊन सकाळी रक्त घेण्याची तपासणी करावी लागते.

कमी आहे का, हे मात्र सकाळच्या आकड्यावरून बरेच कळते. सकाळी ८ च्या सुमारास ते ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर ग्रंथी कमी पडत असल्याची जवळजवळ खात्री. १५ ते १८ च्या वर असेल तर तो आजार बहुतेक नाही. मधल्या पट्ट्यात उत्तेजन-चाचणी लागते. इंजेक्शन देऊन ग्रंथीला ढोसायचे आणि ती किती कॉर्टिसॉल सोडते ते बघायचे. ही चाचणी मोठ्या शहरातच होते.

‘अ‍ॅड्रिनल फटीग’ म्हणजे ताणाने ग्रंथी ‘थकणे’ या नावाचा आजार समाजमाध्यमांवर फार चालतो. २०१६ मध्ये या विषयावरच्या ५८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. असा आजार असल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. थकवा खरा असतो, त्याचे हे कारण खोटे असते. हिमोग्लोबिन, साखर, झोप, दारू, नैराश्य, क्षयरोग ही कारणे आधी शोधावीत. शिवाय या ‘आजारा’वर विकल्या जाणाऱ्या १२ पूरक उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सगळ्या बाटल्यांत थायरॉईडचे हार्मोन निघाले आणि बऱ्याच बाटल्यांत स्टिरॉइडसारखी द्रव्ये निघाली. बाटलीवर त्यांचा उल्लेख नव्हता.

बाटलीवर न लिहिलेले स्टिरॉइड हाच आमच्या भागातला अधिवृक्क ग्रंथींचा सर्वांत मोठा प्रश्न आहे. त्याला परदेशी बाटली लागत नाही, पुडी पुरते. सांधेदुखीची पुडी, दम्याची पुडी, ‘अंगाला लागण्यासाठी’ दिलेली गोळी. ऊसतोडीचा हंगाम संपता संपता कंबर-गुडघे धरलेला माणूस ती घेतो आणि दोन दिवसांत उठून चालू लागतो. इतक्या झपाट्याने सगळे दुखणे थांबवणाऱ्या पुडीत बहुधा डेक्सामेथासोन, बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. वर्षभरात चेहरा गोल आणि लालसर होतो, पोट सुटते, हातपाय काटकुळे होतात, साखर वाढते, कातडी पातळ होऊन जरा लागले तरी काळेनिळे पडते. लोक म्हणतात, तब्येत सुधारली.

अशा माणसाचे कॉर्टिसॉल तपासले तर काय येईल? चेहरा सांगतो जास्त, रिपोर्ट सांगतो ०.८. घोटाळा वाटतो, पण दोन्ही खरे आहेत. बाहेरून येणाऱ्या स्टिरॉइडमुळे मुकादमाने हाक मारणे सोडून दिले, ग्रंथी झोपली, स्वतःचे कॉर्टिसॉल बंद झाले. डेक्सामेथासोन कॉर्टिसॉलच्या तपासणीत दिसत नाही. प्रेडनिसोलोन मात्र अनेक यंत्रांना कॉर्टिसॉलच वाटते आणि आकडा खोटा चांगला दिसतो. म्हणजे एकाच सवयीचे दोन रुग्ण, एकाचा रिपोर्ट भयंकर, दुसऱ्याचा ठीक. पुडीबद्दल विचारले नाही तर दोन्हींचा अर्थ चुकणार.

यातला सर्वांत धोक्याचा क्षण वेगळाच असतो. पुडी वाईट असे कळते, किंवा पुडी देणारा गाव सोडून जातो, किंवा घरात भांडण होते, आणि माणूस ती एका दिवसात बंद करतो. झोपलेली ग्रंथी इतक्या लवकर उठत नाही, तिला महिने लागतात. त्यात जुलाब, ताप किंवा अपघात झाला की रक्तदाब कोसळतो. म्हणून ज्याने तीन-चार आठवड्यांहून जास्त असे औषध घेतले आहे, त्याने ते अचानक बंद करू नये. पुडी घेऊन सरकारी रुग्णालयात यावे. आम्ही रागावत नाही. निदान रागावू नये असे मी माझ्या सहकाऱ्यांना सांगतो, कारण एकदा रागावले की रुग्ण पुढच्या वेळी पुडी लपवतो. तिच्या जागी मोजता येईल अशी गोळी देऊन ती हळूहळू कमी करता येते. युरोप आणि अमेरिकेच्या तज्ज्ञ संघटनांनी २०२४ मध्ये यासाठी एकत्रित मार्गदर्शक सूचना काढल्या. सकाळचे कॉर्टिसॉल १० च्या वर गेले की ग्रंथी सावरली असे धरून औषध थांबवता येते. ५ ते १० मध्ये थोडे थांबून पुन्हा तपासायचे, ५ च्या खाली चालू ठेवायचे. हा आकडा औषधाच्या आधीचा, निदान २४ तास डोस न घेता काढलेला हवा, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचे. अशा रुग्णाला उलट्या लागल्या आणि गोळी पोटात टिकेना, तर घरी बसू नये. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन त्याचा जीव वाचवते आणि ते महाग नाही.

मलमांचेही तेच, कमी प्रमाणात. नायट्यासाठी दुकानातून आणलेली ‘लगेच आराम’वाली तीन-चार औषधांची मलमे महिनोन्‌महिने मोठ्या भागावर चोळली तर तेही रक्तात उतरते. स्टिरॉइडच्या अनेक मलमांना २०१८ मध्ये केंद्राने चिठ्ठीशिवाय विक्रीला बंदी असलेल्या यादीत घातले. यादी कागदावर आहे. दुकानात काय चालते ते वाचकांना माझ्याहून चांगले माहीत आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसने राज्यात हाहाकार केला तेव्हा ‘स्टिरॉइड’ हा शब्द घराघरांत पोहोचला होता. अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइडचा बेसुमार वापर हे त्यामागचे मोठे धागे होते. तो शब्द लोकांच्या लक्षात राहिला. पुडीत तेच असते, हे मात्र कुणी त्यांना सांगितले नाही.

क्षयरोगाबद्दलही सांगायला हवे. थॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ मध्ये अधिवृक्क ग्रंथींच्या आजाराचे वर्णन केले, तेव्हा क्षय हे त्याचे मुख्य कारण होते. श्रीमंत देशांत ते मागे पडले, आपल्याकडे नाही. वजन घटणे, उभे राहिल्यावर चक्कर, खारट खाण्याची ओढ, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडणे ही लक्षणे. रक्तात सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त. कॉर्टिसॉल ग्रामीण पातळीवर सहज होत नाही, पण ही दोन साधी मोजमापे होतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. महागड्या पॅकेजमधल्या कॉर्टिसॉलपेक्षा, काळवंडलेल्या हिरड्या बघून केलेले सोडियम-पोटॅशियम कितीतरी जास्त सांगून जाते.

रिपोर्ट हाती आला की खाली सही कुणाची आहे तेही पाहावे. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. रक्त किती वाजता घेतले, त्या आधी काय खाल्ले, कोणती औषधे चालू आहेत हे कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

आणि ज्यांना रिपोर्ट पुढे करता येत नाही त्यांचे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची याच दोन ग्रंथींसाठी तपासणी केली. जन्मतः थायरॉईड कमी असलेले बाळ ११३० मागे एक निघाले. अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात दोष ५७६२ मागे एक. पहिल्या आजारात बाळ दिसायला छान असते, कमी रडते, जास्त झोपते, आई-आजी म्हणतात गुणी आहे. दोन-तीन महिन्यांत मेंदूचे नुकसान होऊन जाते आणि ते भरून येत नाही. दुसऱ्यात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन बाळ सुकते. मुलगी असेल तर जननेंद्रियांच्या रचनेवरून शंका येते, मुलगा असेल तर तेही नाही, आणि मृत्यूचे कारण म्हणून जुलाब किंवा जंतुसंसर्ग लिहिले जाते. दोन्हींवर स्वस्त गोळ्या आहेत. थायरॉक्सिन, हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन ही तिन्ही औषधे देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत.

शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी अशी तपासणी सुरू केली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून झाली, पण त्याच्या यादीत जन्मजात थायरॉईडची कमतरता ‘ऐच्छिक’ म्हणून आहे. म्हणजे आज चाळिशीतल्या धडधाकट माणसाचा टीएसएच वर्षातून दोनदा होतो, आणि ज्याला त्याची खरी गरज आहे त्या तीन दिवसांच्या बाळाचा बहुतेक ठिकाणी एकदाही होत नाही. राज्य सरकारने ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात सक्तीची करावी, असे माझे मत आहे. तोवर घरात बाळ जन्मले तर डिस्चार्ज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. जन्मानंतर ४८ तास उलटले की टाचेतून रक्ताचे चार-पाच थेंब जाड कागदावर घेतात, आणि निदान झाले तर गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावी लागते.